विश्लेषण : ब्लेडवर धावता येते, पण स्थिर उभे राहता येत नाही... असे का?

पॅरालिम्पिकमधली १०० मीटरची शर्यत सुरू होण्याआधीचे काही सेकंद पुन्हा एकदा नीट पाहावेत असे आहेत. दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावलेले धावपटू कार्बन फायबरच्या ब्लेड लावून रेषेमागे येतात, तेव्हा ते एका जागी उभे राहतच नाहीत. एक पाऊल पुढे, एक मागे, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे अशी चुळबुळ सतत चालू असते. पाहणाऱ्याला वाटते, शर्यतीआधीची धाकधूक असेल. ती असेलही, पण खरे कारण ब्लेडच्या आकारात आहे. धावण्याच्या ब्लेडला टाच नसते. जमिनीला टेकतो तो फक्त वाकलेल्या पट्टीच्या टोकाचा लहानसा भाग. त्यावर वेगाने धावता येते, पण शांत उभे राहणे जवळपास अशक्य. चालती सायकल सरळ राहते आणि थांबली की कलंडते, साधारण तसाच हा प्रकार.

कृत्रिम पायाच्या खेळाडूंविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. पदक मिळाले की ‘जिद्दीला सलाम’ आणि विक्रम मोडला की ‘ब्लेडमुळे फायदा होतो का?’ हा वाद. या दोन्हींच्या मध्ये जी गोष्ट आहे, म्हणजे तोल, तिच्याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. खेळाडूची खरी मेहनत तिथेच जाते. आणि मैदानावर कधीही न जाणाऱ्या, पण अपघातात किंवा मधुमेहात पाय गमावलेल्या माणसाचे रोजचे जगणेही तिथेच अडते.

तोल म्हणजे नेमके काय?

शाळेत लंगडी खेळलेल्या प्रत्येकाला हे शरीराने ठाऊक आहे. एका पायावर उभे राहिलात की घोट्याच्या आत सतत काहीतरी चालू असल्याचे जाणवते. तळपाय कधी आतल्या कडेवर, कधी बाहेरच्या कडेवर दाबला जातो, बोटे जमीन पकडू पाहतात, हात आपोआप बाजूला जातात. आता डोळे मिटा. काही सेकंदांतच दुसरा पाय खाली टेकवावा लागतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत उभा माणूस म्हणजे उलटा लंबक. तळहातावर काठी उभी धरली तर हात सारखा हलवावा लागतो, तसेच शरीराचे. गुरुत्वमध्य साधारण ओटीपोटाच्या पातळीवर आणि आधार म्हणजे दोन पावलांखालची जमीन. गुरुत्वमध्याची उभी रेषा त्या आधाराच्या आत राहिली तर माणूस उभा, बाहेर गेली तर एक पाऊल टाकायचे नाहीतर पडायचे.

मेंदूला यासाठी तीन ठिकाणांहून माहिती मिळते : डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळपाय, सांधे व स्नायूंमधल्या संवेदना. किरकोळ हेलकावे घोट्यातूनच सावरले जातात. हेलकावा मोठा असेल तर कंबर वाकते, त्याहून मोठा असेल तर पाऊल पडते. आणखी एक गंमत अशी की मेंदू फक्त पडू लागल्यावर जागा होत नाही. उभे राहून हात झटकन वर उचलायचा असेल, तर हाताच्या स्नायूच्या आधी पायाचे आणि पाठीचे स्नायू आवळले जातात. हात उचलल्यावर शरीर कोणत्या बाजूला ढकलले जाणार, हे मेंदूने अनुभवाने शिकून ठेवलेले असते. हा अंदाज चुकला तर खेळाडू नुसता हळू होत नाही, तो कोसळतो.

पाय गेला की काय काय जाते?

उत्तर सोपे वाटते, पण तसे नाही. गुडघ्याखाली पाय कापला गेला की घोटा जातो आणि घोट्याला चालवणारे पोटरीचे व नडगीचे स्नायू निकामी होतात. तळपायाची कातडीही जाते, म्हणजे जमीन खडबडीत आहे की ओली, उतार पुढे आहे की बाजूला, ही माहिती येणे बंद होते. एक मोटर गेली आणि तिच्यासोबत सेन्सरही गेले. जागेवर बसवला जातो तो बहुतेक वेळा एक निष्क्रिय भाग. तो दाबला जातो, परत उसळतो, पण स्वतःहून दाब पुढे-मागे सरकवू शकत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. नडगी आणि पाऊल मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण सहा टक्के असते, म्हणजे ७० किलोच्या माणसात चार किलोंच्या आसपास. कृत्रिम पाय बहुधा त्याहून हलका असतो. म्हणून गुरुत्वमध्य किंचित वर आणि शाबूत पायाकडे सरकतो. हलका पाय चांगलाच, असे कुणालाही वाटेल. पण मेंदूचे वर्षानुवर्षांचे गणित त्यामुळे बदलते.

गुडघ्याच्या वर पाय गेला असेल तर अडचण कित्येक पटींनी वाढते. साधा कृत्रिम गुडघा भार पडल्यावर सरळ राहायचा असेल, तर भाराची रेषा त्याच्या बिजागरीच्या पुढून जावी लागते. ती मागून गेली की गुडघा दुमडतो. पुढे चालताना हे जमवता येते. मागे सरकताना, वळताना, जिन्यावरून उतरताना प्रत्येक पावलाला हिशेब. सेन्सर आणि सूक्ष्म प्रोसेसर असलेले गुडघे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहेत. ते पावलागणिक अवरोध बदलतात आणि पडण्याचा धोका कमी करतात. किंमत मात्र लाखांच्या घरात.

आणि या सगळ्याच्या वर सॉकेट. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो ती खोबणी. दिवसभरात त्या भागाची जाडी कमी-जास्त होते, घाम येतो, लायनर सरकतो. मुंबईच्या मे महिन्यात हे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. सॉकेट काही मिलिमीटर सैल झाले तरी जमिनीचा जो थोडाफार अंदाज दाबातून येत होता, तोही पुसट होतो. म्हणूनच पाय गमावलेली माणसे नजरेवर जास्त विसंबतात. डोळे मिटून उभे केले की त्यांचे हेलकावे ठळकपणे वाढतात, असे प्रयोगशाळांतल्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. अंधाऱ्या जिन्यात त्यांचे पाऊल का अडखळते, याचे कारण इथे आहे. ‘सवय होईल हळूहळू’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना ते बहुधा कुणी सांगितलेले नसते.

सुमित अंतिलच्या डाव्या पायाचे काम

आता मैदानावर येऊ. हरयाणातल्या सोनीपतचा सुमित अंतिल कुस्तीपटू होण्याची स्वप्ने पाहत होता. २०१५ मध्ये दुचाकीच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. टोक्यो पॅरालिम्पिकमध्ये एफ६४ गटात त्याने एकाच स्पर्धेत तीनदा विश्वविक्रम सुधारत ६८.५५ मीटरवर सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७३.२९ मीटर, २०२४ मध्ये पॅरिसला ७०.५९ मीटर आणि पुन्हा सुवर्ण. आकडे सगळ्यांना पाठ आहेत. त्या आकड्यांमागचा पाय पाहिला पाहिजे.

उजव्या हाताने भाला फेकणाऱ्याचा डावा पाय हा ब्रेक असतो. खेळाडू धावत येतो, शेवटच्या पावलाला डावा पाय समोर खुंटीसारखा रोवतो, धड त्या पायावर अडते आणि धावण्याचा वेग कंबर, खांदा, कोपर असा चढत भाल्यात जातो. त्या क्षणी त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट बल येते. नीरज चोप्राच्या बाबतीत हे बल घोटा, नडगी, गुडघा, मांडी मिळून पेलतात आणि पाऊल जमिनीला नेमके कसे टेकले आहे याची खबर मेंदूला त्याच क्षणी मिळत असते. सुमितच्या बाबतीत ब्रेकच कृत्रिम आहे. जमिनीची खबर त्याला पावलातून नाही, सॉकेटच्या दाबातून आणि गुडघ्यातून मिळते. घोटा देऊ शकत नाही ती दुरुस्ती गुडघा, कंबर आणि पोटाच्या स्नायूंना करावी लागते.

भाला सुटल्यावरही काम संपत नाही. शरीर पुढे झेपावत असते आणि रेषा ओलांडली की फेक बाद. म्हणजे सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक स्थिरता या दोन्ही गोष्टी काही पावलांच्या अंतरात हव्यात. ७३ मीटर हा आकडा खांद्याच्या ताकदीचा वाटतो. त्यातला बराचसा भाग तोलाचा आहे.

अर्धे कोर्ट का?

मुंबईत वाढलेली, इथेच इंजिनीअरिंग केलेली मानसी जोशी हे दुसरे उदाहरण. डिसेंबर २०११ मध्ये रस्ते अपघातात तिने डावा पाय गमावला आणि २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलला ती पॅरा बॅडमिंटनची विश्वविजेती झाली, एसएल३ गटात. या गटाचा नियम मुद्दाम वाचावा असा आहे. पायात दोष असलेल्या आणि चालता-धावताना तोल अधिक बिघडणाऱ्या खेळाडूंसाठी हा गट आहे आणि त्यांचे एकेरीचे सामने अर्ध्या रुंदीच्या कोर्टवर होतात. एसएल४ गटातले खेळाडू पूर्ण कोर्टवर खेळतात. म्हणजे क्रीडा संघटनेने तोल ही गोष्ट थेट मैदानाच्या मापात मोजली आहे.

अर्धे कोर्ट म्हणजे सोपे, असे वाटत असेल तर चूक. बाजूला धावणे कमी होते, पण पुढे-मागे जाणे तसेच राहते, आणि मागे सरकत डोक्यावरचे शटल मारणे हेच गुडघा नसलेल्या पायाला सर्वांत अवघड. नजर वर, शटलवर. म्हणजे तोलासाठी जिच्यावर जास्त भिस्त, ती नजरही त्या क्षणी जमिनीवर नाही. सरावाचे तासन् तास या एका विसंगतीवर जातात.

डावा पाय गमावला तर २०० मीटर अवघड?

एक लहान गोष्ट, पण न्यायाची. ट्रॅकवरच्या शर्यती जगभर डावीकडे वळत धावल्या जातात. वळणावर धावपटू आत झुकतो आणि आतला, म्हणजे डावा पाय अधिक अडचणीत असतो. अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये एक पाय गमावलेल्या धावपटूंना दोन्ही दिशांनी वळणावर पळवून पाहिले. कृत्रिम पाय आतल्या बाजूला असताना वेग जवळपास चार टक्क्यांनी कमी भरला. २०० मीटरमध्ये पदके सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतात. तिथे चार टक्के म्हणजे डोंगर. अर्धी शर्यत सरळ रेषेत असते हे धरूनही फरक उरतोच. तरीही डावा आणि उजवा पाय गमावलेले धावपटू एकाच गटात, एकाच दिशेने धावतात. वेगळे गट केले तर खेळाडूंची संख्या तुटपुंजी राहील, ही आयोजकांची अडचण खरी आहे. पण जर्मनीच्या मार्कुस रेहमने ब्लेडवरून उडी घेत ८.७२ मीटरचा विक्रम केला (पॅरिस ऑलिम्पिकचे सुवर्ण ८.४८ मीटरला गेले), तेव्हा ब्लेडच्या फायद्यावर जगभर चर्चा झाली. रेहमच्या तंत्राचा अभ्यास करणाऱ्यांना धावण्यात तोटा आणि उडी घेताना फायदा, असे दोन्ही दिसले होते. वळणावर डाव्या ब्लेडच्या होणाऱ्या तोट्यावर इतकी चर्चा कधी झाली नाही. फायदा सगळ्यांना दिसतो, तोटा फक्त धावणाऱ्याला.

कृत्रिम पाय काढूनच ठेवला तर?

काही खेळांनी हा मार्ग घेतला आहे. पॅरा जलतरणात स्पर्धेत कृत्रिम अवयव चालत नाही. तिथे प्रश्न उभे राहण्याचा नाही, पाण्यात शरीर एका बाजूला वळू न देण्याचा. अॅम्प्युटी फुटबॉलमध्ये मैदानावरचे खेळाडू कृत्रिम पाय न लावता दोन कुबड्या घेऊन एका पायावर खेळतात. पोलंडच्या मार्चिन ओलेक्सीने असाच खेळताना कुबड्यांच्या आधारावर हवेत झेप घेत मारलेल्या गोलला २०२२ सालचा फिफाचा पुश्काश पुरस्कार मिळाला. वर्षातला सर्वोत्तम गोल. दोन पायांवर खेळणारे सगळे मागे पडले. तो व्हिडीओ सावकाश पाहिला तर दिसते की चेंडूला लाथ बसण्याआधीच शरीराने पडण्याची तयारी केलेली आहे.

तुर्कीत गुडघ्याखाली पाय गमावलेल्या फुटबॉलपटूंची, तसाच पाय गमावलेल्या पण न खेळणाऱ्यांशी तुलना झाली तेव्हा खेळणाऱ्यांचा तोल सरस आढळला. आता खेळामुळे तोल सुधारला की मुळात ज्यांचा तोल बरा तेच खेळाकडे वळले, हा प्रश्न अशा तुलनेत राहतोच. तरी सरावाने घोट्याची काही कामे कंबर शिकते, हे फिजिओथेरपीत रोज दिसणारे वास्तव आहे.

फेकीच्या स्पर्धांत बसून फेकण्याचा एफ५७ गट आहे. नागालँडचे सुभेदार होकातो सेमा यांनी २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात डावा पाय गमावला आणि पॅरिसमध्ये याच गटात गोळाफेकीत १४.६५ मीटरसह कांस्य जिंकले. त्यांची वाट पुण्यातून गेली. लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे आणि खडकीला लष्कराचे पॅरालिम्पिक प्रशिक्षण केंद्र आहे. पाय बसवणारे, तो वापरायला शिकवणारे आणि खेळाकडे वळवणारे एकाच शहरात, एकाच व्यवस्थेत. लष्करी जवानांच्या पदकांचे रहस्य शोधायला फार लांब जायला नको.

मग सामान्य माणसाचे कुठे अडते?

पाय मिळण्यात अडते, हे अर्धे उत्तर झाले. जयपूर फूटने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही अडचण मोठ्या प्रमाणात सोडवली. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांचे ते रबरी पाऊल सर्व बाजूंना लवते. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेताच्या बांधावरून जाता येते. परदेशी पायांनी ज्याचा विचार केला नव्हता, तो भारतीय जमिनीचा विचार त्यात होता आणि तोलाचाही होता. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो उगाच नाही.

पण त्यानंतर आपण मोजू लागलो ते वाटलेले पाय. शिबिर भरते, मापे घेतली जातात, पाय बसतो, फोटो निघतो, आकडा जाहीर होतो. पाय घेऊन गेलेला माणूस सहा महिन्यांनी चालतो आहे का, किती वेळा पडला, पाय कपाटावर तर ठेवलेला नाही ना, याचा आकडा कुणी जाहीर करत नाही. कॅनडात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात पाय गमावलेल्या ४३५ जणांपैकी ५२ टक्के लोक वर्षभरात किमान एकदा पडले होते आणि जवळपास निम्म्यांना पडण्याची भीती वाटत होती. तिथले फुटपाथ आणि आपले फुटपाथ यांची तुलना न केलेलीच बरी. पडण्याच्या भीतीने माणूस बाहेर जाणे कमी करतो, सगळा भार शाबूत पायावर टाकतो आणि काही वर्षांत त्या चांगल्या पायाचा गुडघा आणि पाठ दुखू लागते. म्हणजे एका पायाचे दुखणे दुसऱ्याला लागते.

म्हणून सरकारी योजना असो की संस्थेचे शिबिर, कृत्रिम पायाच्या खर्चात काही आठवड्यांचे तोलाचे प्रशिक्षण धरलेच पाहिजे. चष्मा देऊन सोडता येते, पाय देऊन सोडता येत नाही. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट असतात; शिबिरातल्या यादीतली नावे त्यांच्याकडे पाठवणे हे तंत्रज्ञानाचे काम नाही, एका कागदाचे आहे.

मोजायला यंत्र हवेच का?

मोठ्या क्रीडा प्रयोगशाळांत बल मोजणाऱ्या पट्ट्या असतात. खेळाडू त्यावर उभा राहतो आणि पायाखालच्या दाबाचा मध्य कसा भटकतो याची रेष पडद्यावर उमटते. ती रेष जितकी आटोपशीर, तितका तोल चांगला, असे पूर्वी मानत. आता तेवढे सरळ मानत नाहीत, कारण कृत्रिम घोटा ताठ असल्याने काही वेळा त्या पायाखालची रेष कमी हलते; ती स्थिरता नसते, असमर्थता असते. शिवाय शांत उभे राहण्याच्या चाचणीत उत्तम गुण मिळवणारा वळणावर अडखळू शकतो आणि ब्लेडवर क्षणभर स्थिर न राहणारा विक्रम करू शकतो. दोन पायांच्या माणसांसाठी बनवलेल्या चाचण्या तशाच उचलून लावल्या की असे घोळ होतात.

दुसरीकडे, हा मजकूर ज्या मोबाइलवर वाचला जात आहे, त्यात प्रवेग आणि फिरणे मोजणारे सेन्सर आहेत. तो कमरेला बांधून हेलकावे नोंदवण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत स्मार्ट कचरापेटी दरवर्षी होते. तिच्या जागी कुणी हे करायला हरकत नाही.

आणि तेही नसेल तर फिजिओथेरपिस्टांची जुनी युक्ती आहे. दोन साधे वजनकाटे शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर शाबूत पाय, दुसऱ्यावर कृत्रिम. पहिल्या दिवशी ६० किलोच्या माणसाचा एक काटा ४२ दाखवत असेल आणि दुसरा १८. कठड्याला हात लावून, खाली काट्याकडे पाहत, भार हळूहळू कृत्रिम पायाकडे न्यायचा. वीस, बावीस, पंचवीस. मग काट्याकडे न पाहता तेच करायचे. मग हात सोडून.